भातातला खडा

सोपान,

तुझ्या मारुतीनं मला भर पंगतीत गाठलं. कन्हेरीला माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. उन्हं कलायच्या आत तिसरी पंगत उठवायची घाई चालली होती, माझ्या पानात बुंदीचे दोन लाडू येऊन पडले होते, आणि मी शेजारच्या दोघांना काहीतरी रंगवून सांगत होतो. तुझा भाऊ पायातलं पायताणही न काढता मांडवात शिरला. वाढप्यांना बाजूला सारत पंगतीच्या मधून सरळ माझ्यापुढं आला आणि उकिडवा बसला.

"नाना, दादा गेला. सकाळीच."

मेव्हण्यानं धावत येऊन त्याला दंडाला धरून उठवलं. लग्नाच्या मांडवात असली खबर कुणी आणतं का, निदान माणसाला हात तरी धुऊ द्यायचे होते, असं तो दातओठ खात बोलत होता. मारुती त्याच्याकडं बघतही नव्हता. माझ्याकडंच बघत म्हणाला, "दादानंच सांगून ठेवलं हुतं. नानाला लगोलग सांगायचं. जेवत असला तर पानावर सांगायचं. थांबायचं न्हाय."

मांडवातल्या माणसांना वाटलं, जाताना तू तापात बरळला असशील. मला तसं वाटलं नाही. मी पानावरून उठलो, हात धुतले आणि मारुतीच्या सायकलवर मागं बसलो. कन्हेरीपासून तुझ्या निरवांगीपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. इतका वेळ मी गप्प बसलोय हे तुला कुणी सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, आजारी पडला असंल.

सहा वर्षं तू मला एकच प्रश्न विचारत होतास. सहा वर्षं मी त्याला गमतीजमती सांगून बगल दिली. जाताना तू तोच प्रश्न मारुतीच्या हाती पुन्हा पाठवलास, तोही असा पाठवलास की माझ्या घशात लाडू अडकावा. कावेबाज मला म्हणायचे, पण खरा कावेबाज तूच.

डेन्मार्कची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन, याची गणती नाही. बारामतीत मंडईशेजारच्या चहाच्या दुकानात, इंदापूरच्या बाजारात, जळोचीला माझ्या स्वतःच्या ओट्यावर. सरकारनं बागायतदारांतली दोन माणसं निवडली, एक मी अडतीस वर्षांचा, भाजीपाला करणारा, आणि एक तू पस्तीस वर्षांचा, ज्याच्या बापानं निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं. दोघांना वर्षभर परमुलखात गाईगुरांचं शिकायला पाठवलं. बोटीत तू सोळा दिवस ओकलास इथपासून मी सुरुवात करायचो. तू कोपऱ्यात बसून ऐकायचास. लोक हसायचे तेव्हा तूही हसायचास, पण माझ्या तोंडाकडं बघत. कुठला भाग मी गाळतो, त्यावर तुझं लक्ष असायचं.

आज गाळत नाही.

येन्सचं ते शेत आठव. समुद्रापासून दोन कोसांवर, चारी बाजूंनी उघडं. वारा तिथं पडायचाच नाही. पाऊस वरून यायच्या ऐवजी आडवा यायचा आणि कानात शिरायचा. पहिल्या आठवड्यात आपण दोघं उपाशी मेलो असतो, आठवतंय? येन्सची बायको कारेन बटाट्यांचं भांडं पुढं करायची. आपण रीतीप्रमाणं "नको नको" म्हणायचो. आपल्याकडं एवढ्यावर कोण ऐकतं? यजमानानं दोनदा आग्रह करायचा, तिसऱ्यांदा पानात लोटायचं, आणि मग आपण नाइलाजानं खायचं. कारेन मात्र पहिल्या "नको"लाच भांडं उचलून घेऊन जायची. तू रात्री कांबळ्यात तोंड खुपसून मला म्हणालास, "नाना, ही बाई एकदाच इचारती रं." दुसऱ्या दिवसापासून आपण भांडं दिसलं की आधी हात पुढं करायला लागलो आणि येन्स हसून हसून बेजार.

आंबट काळा पाव, त्यावर थंडगार मासळी. आपण बरोबर नेलेलं तिखट दिवाळीपर्यंत पुरवलं, डबीच्या तळाला बोट फिरवून. मग त्यांच्याच काळ्या पिठाची भाकरी थापायला तू बसलास. पीठ हाताला चिकटलं ते सुटेना, आणि कारेन दारात उभी राहून बघत होती. ती काहीतरी म्हणाली. मी तुला सांगितलं की ती म्हणते, पीठ मेंढरासारखं हट्टी आहे. ती तसं काहीच म्हणाली नव्हती. तिची भाषा मला तरी कुठं येत होती? येन्सशी माझं मॅट्रिकचं इंग्रजी आणि त्याचं लष्करी छावणीत शिकलेलं इंग्रजी, असा कारभार चालायचा. गाय, दूध, बादली, हिवाळा, उद्या. एवढ्या पाच शब्दांवर मी चार महिने काढले. मी, सोपान. ज्याला पाण्याचा तांब्या मागायलासुद्धा एक गोष्ट लागते.

तुझं मात्र वेगळंच. तुला बोलायची गरजच पडली नाही. तू सकाळी दारात उभा राहायचास, नाक वर करायचास आणि हातानं दाखवायचास की दुपारी वारा फिरणार. तो फिरायचा. महिन्याभरानंतर येन्स वाळलेलं गवत आत घ्यायच्या आधी रेडिओ बंद करून तुझ्याकडं बघायला लागला. मला तुझा हेवा वाटायचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळी गेली आणि दिवस आखडत गेले. तीन वाजता दिवे लावायचे. तुझ्या बापाला, आबांना, बरं नसल्याचं पत्र आलं, त्यात मारुतीनं लिहिलं होतं की काळजीचं काही नाही, दमा आहे. तू त्याच दिवशी ट्रंक भरलीस. मी दोन दिवस तुझ्याशी भांडलो. सरकार काय म्हणेल, तिकिटाचं काय, गावात तोंड कसं दाखवशील. शेवटी तू ट्रंक पलंगाखाली सरकवलीस, पण उघडली नाहीस. कपडे त्यातून काढायचास आणि परत त्यातच घडी घालून ठेवायचास. म्हणालास, "आबाचं काय बी कळलं, तर मग मला धरू नगंस."

नाताळाच्या आधी तीन दिवस पत्र आलं. पाकिटावर माझं नाव होतं. तू डुकरांच्या खोपट्यात होतास. मी ते दारातच उभ्यानं वाचलं. मारुतीनं लिहिलं होतं की आबा गेले, दहावाही झाला. दादाला तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा, त्यानं हे कागदावर वाचू नये.

मी ते घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तू पाय झाडत आत आलास आणि विचारलंस, कुणाचं? मी म्हणालो, जळोचीचं, माझ्या घरचं. तू विचारलंस, बरी हायती ना समदी? मी म्हणालो, बरी आहेत.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट मी लोकांना सांगतो, ती अशी. त्या लोकांचा सगळ्यात मोठा सण. घरात एक अख्खं झाड आणून उभं केलेलं, त्यावर खऱ्या मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि आपण दोघं कोपऱ्यात पाण्याची बादली कुठं आहे ते बघत बसलेलो. भाजलेला हंस, साखरेत परतलेले बटाटे, तांबडी कोबी. आणि शेवटी भात. गार भात, दुधाच्या सायीत कालवलेला, गोड, वर चेरीचा रस. चार महिन्यांनी भात बघून तुझे डोळे भरून आले होते. त्या भाताच्या भांड्यात एक अख्खा सोललेला बदाम दडवलेला असतो. ज्याच्या पानात निघेल त्याला बक्षीस. पण ज्याला सापडेल त्यानं तो गालात लपवायचा आणि गप्प राहायचं, म्हणजे बाकीचे आशेनं खात राहतात. हे येन्सनं मला जेवणाआधी सांगितलं होतं. त्याच्या वेगवान इंग्रजीतलं मला एवढंच कळलं की भातात काहीतरी आहे. तुला तर मी तेवढंही सांगितलं नाही.

भांडं फिरलं. पुन्हा फिरलं. येन्स, कारेन, त्यांच्या दोन मुली, म्हातारी आजी, सगळे एकमेकांच्या गालांकडं बघत खात होते. भांड्याचा तळ लागला. बदाम कुणाकडंच नाही. कारेनचा चेहरा उतरला, तिला वाटलं आपण टाकायलाच विसरलो. ती उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली, हातवारे करून सांगायला लागली की मी टाकला होता, माझ्या हातानं टाकला होता. मग येन्सनं मला सावकाश, एकेक शब्द करून सगळं पुन्हा सांगितलं, मी तुला मराठीत सांगितलं, आणि तुझा चेहरा असा काही झाला की मी आयुष्यात विसरणार नाही.

तू म्हणालास, "नाना, मला वाटलं खडा हाय. बाईमाणसाला पाव्हण्यांत लाज वाटंल म्हणून मी गिळला."

भातात खडा लागला तर आपल्याकडं शहाणा पाहुणा बोलत नाही. तो हळूच पानाखाली सारतो. पण काचेच्या बशीखाली सारणार कसा? म्हणून तू गिळलास. मी येन्सला हे समजावून सांगेपर्यंत माझा घाम निघाला. त्यानं ते कारेनला सांगितलं. तिनं आधी तुझे दोन्ही हात धरले, आणि मग सगळं घर हसायला लागलं. म्हातारी आजी तर खुर्चीवरून घसरली. बक्षीस म्हणून बदामाच्या पिठीचं साखरेत घडवलेलं डुक्कर तुझ्या हातात आलं आणि तू त्याला शेपटीकडून खायला सुरुवात केलीस. मग हात धरून झाडाभोवती फेर, त्यांची गाणी आणि त्यात तुझं धनगरी गजाच्या नाचासारखं पाऊल पडायला लागलं, तशी येन्सची पोरंही तसंच पाऊल टाकायला लागली. तू हसत होतास. चार महिन्यांत पहिल्यांदा तू पोटातून हसत होतास.

इथं माझी गोष्ट संपते. चहाचं दुकान टाळ्या देतं.

फेर धरताना माझ्या डाव्या हातात तुझा हात होता आणि दर पावलाला तो कागद बरगडीला टोचत होता. मी जेवलो होतो. हंसाचा दुसरा तुकडा मी मागून घेतला होता. भात दोनदा. तुझ्या बापाच्या सुतकात तुला गोड जेवताना बघत, मी तुझ्याहून जास्त जेवलो.

नवं वर्ष लागून दोन दिवस झाले होते. तुझी बंडी धार काढताना भिजली, म्हणून मी माझं जाकीट तुला काढून दिलं आणि तंबाखू शोधायला तू खिशात हात घातलास. एवढा हुशार मी, आणि ही चूक केली.

गोठ्यात तू माझ्यापुढं येऊन उभा राहिलास. कागद उघडा होता.

"हे कवा आलं?"

आज आलं, असं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. मी म्हणालो, नाताळाच्या आधी तीन दिवस. तू अंगठ्यानं बोटांची पेरं मोजलीस.

"म्हंजी मी खडा गिळला, तवा तुझ्या खिशात हुतं."

"व्हय."

त्यानंतर तू दहा दिवस जमिनीवर झोपलास. पहाटे पंपाखाली अंघोळ करायचास, बर्फ फोडून. कारेन घाबरली. येन्सकरवी मी तिला सांगितलं, बाप गेला. तिनं पुढं काही विचारलं नाही. आपल्याकडं सुतकाच्या घरी शेजारीपाजारी कडू घास आणतात तसं काही द्यायला हवं, गोड नको, असं मी तिला कसंबसं समजावलं. ती काळा पाव आणि खारवलेली मासळी घेऊन आली. मासळी तू बाजूला ठेवलीस, पाव खाल्लास. मी दिलेलं पाणीसुद्धा तू घेत नव्हतास. दहा दिवस तू तिच्या हातचं खाल्लंस आणि माझ्याकडं पाठ करून झोपलास.

दहाव्या दिवशी मात्र तुझा इलाज खुंटला. डोकं आणि मिशा उतरवायला दुसरं कोण होतं तिथं? गोठ्यात ऊब होती म्हणून तिथंच बसलो. तू उपडी बादली घेऊन बसलास, मी मागं उभा राहिलो. गाई रवंथ करत होत्या. निम्मं डोकं झालं तेव्हा तू बोललास. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"का न्हाय सांगितलंस?"

मी म्हणालो, सुतक ऐकल्यापासून धरतात, तुला दोष लागत नाही.

"दोषाचं न्हाय इचारत मी. का न्हाय सांगितलंस?"

मी म्हणालो, "हलू नकोस, कापेल."

तेव्हापासून तू कितीदा विचारलंस. बोटीवर, येताना. तुझ्या गोठ्याला सिमेंटची जमीन घातलीस आणि निरवांगीची माणसं हसायला आली, त्या दिवशीही. इंदापूरच्या बाजारात बैल बघताना, एकदम, मान न वळवता. मी कधी म्हणालो, तुझा सण मोडवेना. कधी म्हणालो, एवढ्या दिवसांनी हसत होतास, कोणत्या तोंडानं सांगू. हे उत्तर मला फार आवडायचं. त्यात मी चांगला दिसायचो. तू ते ऐकून मान हलवायचास आणि महिन्याभरानं पुन्हा विचारायचास. कधी चिडला नाहीस. त्याचाच मला राग यायचा. एकदा तर मी ओरडलो, की दोन पोरांचा बाप झालास, आता सोड की ते. तू बिडी विझवलीस आणि म्हणालास, "तू सांग, मी सोडतो."

एक गोष्ट मला मारुतीकडून परवा कळली. गावी आल्यावर तुझ्या आईनं तुला विचारलं होतं, तुला कधी कळलं रं, तवा तू जेवलावता का? तू तिला सांगितलंस की टपाल उशिरा आलं, परदेशातलं टपाल तसंच असतं. माझं नावही घेतलं नाहीस. ती माउली तुझ्यामागं आहे अजून, आणि मी तिच्या घरी दर संक्रांतीला तिळगूळ घ्यायला जातो. ती मला तो हातावर ठेवते. हे तू मला कधी बोलला नाहीस, सोपान. आभार मानायला तू जागाच ठेवली नाहीस.

काल तुझा दहावा झाला. नीरेच्या काठी. मी तयारीनं आलो होतो. मला ठाऊक होतं की कावळा शिवणार नाही. तुझी बायको पोरांच्या शिक्षणाचं कबूल करील, मारुती आईला सांभाळायचं कबूल करील, आणि कावळे बाभळीवर बसून बघत राहतील. मग मी पुढं होईन, सगळ्यांच्या समोर खरं सांगीन, आणि मग कावळा उतरेल. सायकलवरून येताना मी वाक्यं जुळवत होतो. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, तेसुद्धा ठरवलं होतं. मेल्यावरही तुला मी माझ्या गोष्टीत घेणारच होतो.

पिंड ठेवला. मारुती मागं सरकला. आम्ही सगळे चार पावलं मागं झालो, आणि मी घसा खाकरायच्या आत कावळा येऊन शिवला. एकच. दोन चोची मारल्या आणि नदीपलीकडं गेला. माणसं म्हणाली, सुटला बिचारा, काही उरलं नव्हतं मागं. मारुती माझ्याकडं बघून डोळे पुसत हसला. मी जुळवलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं.

तू माझ्यासाठी थांबला नाहीस. तेव्हा आता हे कुणासाठी लिहायचं? पण मारुतीला तू पानावर पाठवलं होतंस, तेव्हा ऐक.

तुझा सण मोडू नये म्हणून मी गप्प बसलो नाही. सणाचा विचार मला नंतर सुचला, उत्तर शोधताना. दारात उभ्यानं पत्र वाचलं, तेव्हा मला तुझे आबा दिसले नाहीत. मला तुझी पलंगाखालची ट्रंक दिसली. तीन वाजता पडणारा तो अंधार, तो वारा, पाच इंग्रजी शब्द, आणि समोर रिकामा पलंग दिसला. त्या सगळ्या मुलखात माझं बोलणं समजणारा माणूस एकटा तू होतास. तुला सांगितलं असतं तर तू निघाला असतास. मी भ्यालो, सोपान. मला तू हवा होतास, म्हणून मी तुझा बाप तुझ्यापासून बारा दिवस लपवून ठेवला.